संगणकाची आज्ञावली करून घेताना

दूध संस्था, पतसंस्था, ग्रंथालये आणि गृहनिर्माण संस्था यांचे दप्तर वहीखात्यांतून संगणकाकडे जात आहे. या संस्थांचे पदाधिकारी आपापल्या व्यवहारात मुरलेले असतात. परंतु आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, त्यांना अपरिचित असते. ज्या कामातले आपल्याला कळत नाही, ते करणारा माणूस पारखावा कसा? प्रश्न किरकोळ नाही. सभासदाची ठेव, उत्पादकाचे दुधाचे देयक, कर्जदाराची बाकी हे सारे त्या एका आज्ञावलीवर विसंबून राहते. काम करणारा निघून गेला आणि चाव्या त्याच्यापाशीच राहिल्या, तर संस्था स्वतःच्याच दप्तराला पारखी होते.

गवंडीकाम न येणारा मनुष्यही ओळंबा लावून भिंत सरळ आहे की नाही हे पाहू शकतो. असे काही ओळंबे येथेही उपलब्ध आहेत.

आधी गरज, मग माणूस

प्रथम आपले काम जसे चालते तसे कागदावर उतरवावे. दूध संस्थेने संकलन, फॅट, दर, पशुखाद्याची कपात आणि देयक हा क्रम लिहावा. अपवादही लिहावेत : एकाच नावाचे दोन सभासद असले तर काय, ऐन संकलनाच्या वेळी वीज गेली तर काय? त्यानंतर तयार आज्ञावलीने भागते का, ते पाहावे. प्राथमिक कृषी पतपुरवठा सहकारी संस्थांसाठी केंद्र सरकारने २९ जून २०२२ रोजी २,५१६ कोटी रुपयांच्या संगणकीकरण योजनेस मान्यता दिली. मान्यतेच्या वेळी तीत ६३,००० संस्थांसाठी नाबार्डमार्फत सामाईक आज्ञावलीची तरतूद होती. अशी सोय असताना वेगळा खर्च करणे हितावह नव्हे.

पारख

उमेदवाराने पूर्वी केलेले काम जेथे चालू आहे तेथे जावे आणि खिडकीवर बसणाऱ्या लिपिकाशी बोलावे. जाणता आज्ञावलीकार आपल्या अपवादांविषयी खोदून विचारतो. प्रत्येक प्रश्नाला ‘होऊन जाईल’ म्हणणाऱ्यापासून सावध राहावे. संपूर्ण काम सोपविण्यापूर्वी एखादे लहान काम, जसे केवळ पावती व सभासदाचे खाते, मोबदला देऊन करून घ्यावे. जवळच्या तंत्रनिकेतनातील एखाद्या त्रयस्थ अध्यापकाचा सल्ला शुल्क देऊन घेतल्यास तो खर्च वाया जात नाही. मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा, असा आग्रह धरावा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये साठविलेली नावे शोधताना किंवा दुसऱ्या यंत्रावर नेताना अडचण येते.

करार

प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ अन्वये संगणकाची आज्ञावली ही साहित्यकृतीत मोडते. पगारी कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा अधिकार, विरुद्ध करार नसल्यास, मालकाकडे असतो. बाहेरच्या व्यक्तीस कंत्राटाने काम दिल्यास मात्र केवळ पैसे चुकते केल्याने अधिकार संस्थेकडे येत नाही. त्यासाठी लेखी हस्तांतरण लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांचीच समजली जाते. सबब अधिकार, मुदत आणि क्षेत्र स्पष्ट लिहावे. प्रत्येक टप्प्यावर मूळ सोर्स कोड संस्थेच्या ताब्यात घ्यावा. सर्व्हर व संकेतस्थळाची नोंदणी संस्थेच्याच नावे असावी आणि परवलीचे शब्द मोहोरबंद पाकिटात तिजोरीत ठेवावेत.

सभासदांच्या माहितीचीही जबाबदारी आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार काम दुसऱ्याकडे सोपविले तरी उत्तरदायित्व संस्थेचेच राहते. सुरक्षिततेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद त्यात आहे.

स्वीकृती

मोबदला टप्प्याटप्प्याने द्यावा आणि अखेरचा हप्ता पुढील कसोट्यांनंतरच द्यावा. लेखापरीक्षण झालेल्या एका महिन्याच्या नोंदी नव्या आज्ञावलीत भरून बेरजा पैशापर्यंत जुळवाव्यात. एक महिना वही आणि संगणक बरोबरीने चालवावेत. बॅकअपची प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून दप्तर पूर्ववत उभे राहते, याची खात्री करावी. न उघडलेल्या प्रतीवर भरवसा ठेवू नये.

यांपैकी एकाही कसोटीला आज्ञावली लिहिण्याचे ज्ञान लागत नाही. संचालक मंडळाने करारावर सही करण्यापूर्वी या अटी ठरावाने कार्यवृत्तात नोंदवाव्यात. पदाधिकारी बदलतात आणि आज्ञावलीकारही बदलतात; परंतु सभासद आपली ठेव मागावयास येईल, तेव्हा त्याचे खाते उघडलेच पाहिजे.