वाढ मोजताना काय शिकले

मेक्सिकोचा ॲक्झोलॉटल हा सॅलमँडर प्रयोगशाळेत अंड्यापासून वाढवताना, त्याची मापं घेताना जे उमगलं, ते नव्याने या वाटेला येणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

१. लांबी कुठून कुठवर, हे आधी ठरवा. भावंडं एकमेकांच्या शेपट्या कुरतडतात, त्या पुन्हा उगवतात. म्हणून तोंडाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतचं अंतर हाच भरवशाचा पाया. डोकं, पाय, शेपटी यांची मापं त्याच्याशी ताडून पाहावीत.

२. पिल्लू म्हणजे मोठ्या प्राण्याची लहान प्रत नव्हे. अंड्यातून निघताना त्याला कल्ले असतात, शेपटीला पातळ पर असतो. पाय मात्र नसल्यातच जमा. पुढचे पाय आधी येतात, मागचे बऱ्याच नंतर. आपल्या पावसाळी डबक्यांतल्या बेडूकमाशांना मागचे पाय आधी दिसतात, कारण पुढचे कल्ल्यांवरच्या कातडीखाली वाढत असतात.

३. अवयवाला स्वतःचा वेग असतो. रॉस हॅरिसन आणि व्हिक्टर ट्विटी यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात सॅलमँडरच्या दोन जातींमध्ये पाय आणि डोळ्यांची अदलाबदल केली. झपाट्याने वाढणाऱ्या जातीचा डोळा सावकाश वाढणाऱ्या जातीच्या अंगावरही मोठाच होत गेला. अशा असमान वाढीचं गणित ज्युलियन हक्सले यांनी १९३२च्या पुस्तकात मांडलं. ते समजल्याशिवाय मापांचे तक्ते मुके राहतात.

४. तरीही शरीर प्रमाण राखतं. तुटलेला पाय नव्याने येतो तेव्हा आधी इवलासा असतो. मग तो बाकीच्या अंगापेक्षा भरभर वाढतो आणि प्रमाणात आला की मंदावतो. या वाढीला मज्जातंतूंचा पुरवठा लागतो. नव्या पायासोबत दुसऱ्या बाजूचा धडधाकट पायही मोजा. तुलनेशिवाय काहीच कळत नाही.

५. वयात येणं आणि रूप पालटणं वेगळं. ॲक्झोलॉटल कल्ल्यांसह, पाण्यातच प्रजनन करतो. थायरॉइडचं संप्रेरक दिलं की कल्ले आणि शेपटीचा पर आटतात, पापण्या येतात. पॅरिसमध्ये ऑग्युस्त द्युमेरिल यांनी पाळलेल्यांपैकी काहींनी १८६५मध्ये आपोआपच रूप पालटलं, तेव्हा युरोपातले अभ्यासक चकित झाले.

६. पाण्याचं तापमान, खाणं आणि टाकीतली गर्दी प्रत्येक मापाशेजारी लिहा. उबदार पाण्यात वाढ वेगाने होते; उपाशी पिल्लं एकमेकांचे पाय तोडतात.

हा प्राणी जगभरच्या प्रयोगशाळांत मुबलक आहे, पण निसर्गात फक्त मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांत उरला आहे, तोही नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर. म्हणून विद्यार्थ्यांना माझं सांगणं आहे: थोडेच प्राणी घ्या, त्यांना इजा होऊ देऊ नका आणि त्यांनाच ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा मोजा. एका दिवसाचं माप आकार सांगतं. वाढ समजायला सलग नोंदीच लागतात.