खारूनचा ताळेबंद मांडण्याची कृती

रायपूरच्या नळाला येते ती मुख्यतः खारून नदी. भाठागावच्या एनीकटवर, म्हणजे बंधाऱ्यावर, शहर तिचे पाणी उचलते आणि पुढे महादेव घाटाच्या बाजूला नाल्यांतून वापरलेले पाणी तिलाच परत देते. उन्हाळ्यात धार तुटू नये म्हणून धमतरीजवळच्या गंगरेल धरणाचे पाणी कालव्याने आणून तिच्यात सोडावे लागते. घाट झाडणे चांगलेच, पण नदी राखायची तर आधी हिशेब हवा: किती आले, कोणी किती घेतले, कसे परत केले.

साहित्य: ५० मीटरची टेप, खुणा केलेला बांबू, सोललेला नारळ, घड्याळ, पीएच पट्ट्या, विरघळलेला ऑक्सिजन मोजायचे किट, गावनकाशा आणि जाड पुठ्ठ्याची वही.

कृती

१. दोन्ही काठ एकत्र बसवा. महादेव घाट रायपूरचा, समोरचे अमलेश्वर दुर्ग जिल्ह्यातले. एकाच काठाची समिती केली तर निम्मी नदी हिशेबाबाहेर राहते. शेतकरी, केवट, वीटभट्टीवाले, वॉर्डातल्या बायका, सरपंच, नगरसेवक अशी पंधरा माणसे पुरेत. खालच्या अंगाच्या गावाचा एक जण हवाच. वरच्याची घाण त्याच्या वाट्याला येते.

२. नदीफेरी काढा. फेब्रुवारीत, सकाळी, पायी. प्रत्येक नाला, पंप आणि भट्टी नकाशावर टिपा. माणसांची नावे नकोत, जागा लिहा. नाव लिहिले की भांडण सुरू होते.

३. धार मोजा. सरळ वाहणारा १० मीटरचा तुकडा निवडा. पाच ठिकाणी बांबू घालून सरासरी खोली काढा. नारळ सोडा, वेळ घ्या, तीनदा करा. समजा पात्र १२ मीटर रुंद, खोली अर्धा मीटर आणि नारळाला ४० सेकंद लागले, म्हणजे वेग सेकंदाला ०.२५ मीटर. १२ × ०.५ × ०.२५ म्हणजे १.५. तळाचे पाणी संथ असते, म्हणून ०.८ ने गुणा: १.२ घनमीटर, म्हणजे सेकंदाला १२०० लिटर. पावसाळ्यात पात्रात उतरू नका.

४. पाणी तपासा. नाला मिळतो त्याच्या वर एक नमुना, खाली एक. पहाटे ऑक्सिजन सर्वांत कमी असतो, म्हणून दर वेळी तीच वेळ पाळा. आंघोळीयोग्य पाण्यात लिटरला किमान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन आणि ६.५ ते ८.५ पीएच हवा. दोन नमुन्यांतला फरक म्हणजे त्या नाल्याचे प्रगतिपुस्तक.

५. जमा-खर्च मांडा. क्रम असा: पिण्याचे, गुरांचे व निस्तारी (गावाच्या रोजच्या वापराच्या) तलावांचे, नदीत वाहते राहायचे, मग शेतीचे. उन्हाळी धानाला सुमारे १२०० मिमी पाणी धरले तर एका हेक्टरला १ कोटी २० लाख लिटर लागतात. माणशी रोज १३५ लिटरने तेवढ्यात २४० जणांचे वर्ष निघते. शहरानेही आपली बाजू मांडावी: १२०० मिमी पावसात हजार चौरस फुटांच्या गच्चीवरून सुमारे ९० हजार लिटर पाणी जमिनीत मुरवता येते.

६. वाटप ठरवा. हिवरे बाजारची ग्रामसभा पावसाळा संपला की पाण्याचा अंदाज बांधते आणि त्यावरून रब्बीचे क्षेत्र ठरवते. विलासराव साळुंखे यांनी १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदरमधल्या नायगावला उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीवर नव्हे, माणसांवर वाटले: माणशी अर्धा एकर, ऊस नाही, भूमिहीनालाही वाटा. खारूनकाठी उसाचा हा नियम उन्हाळी धानाला लावा. त्याला बंदी सांगण्याआधी पर्याय द्या: हरभरा, किंवा उभ्या धानात तिवरा (लाख) पेरायची इथली जुनी उतेरा पद्धत, जी उरलेल्या ओलीवरच पिकते.

७. ठराव करा. पाचच नियम, ग्रामसभेत आणि वॉर्डसभेत एकाच शब्दांत. पंपाच्या पाळ्या, नाल्यातला कचरा, मूर्तींचे कुंडातच विसर्जन हे त्यात यावे. गावात कोटवाराकडून (गावच्या राखणदाराकडून) दवंडी, घाटावर फलक. नाल्याच्या पाण्यावर प्रक्रिया हे महापालिकेचे काम. तिथे नमुन्यांचे आकडे जोडून अर्ज द्या.

८. पुन्हा मोजा. कार्तिक पुन्नीच्या (पौर्णिमेच्या) मेळ्यानंतर, फेब्रुवारीत आणि मे महिन्यात. जागा त्याच, वेळ तीच.

टीपा: पहिल्या वर्षी फक्त मोजा, दंड लावू नका. गाळ काढायला थेट जेसीबी लावू नका. काठाची झाडे आणि वाळूचा थर गेला की धार लवकर आटते. आकडा वाईट आला तरी फलकावर लिहा.

आणि वही अध्यक्षांच्या कपाटात ठेवू नका. घाटावरच्या चहाच्या टपरीवर दोरीने बांधून ठेवा, म्हणजे येणारा-जाणारा ती उघडून पाहील आणि चुकलेला आकडा कोणीतरी दाखवून देईल.