लोहाच्या गोळीचा कस

रक्तक्षयाच्या निवारणासाठी लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० साली सुरू झाला. २०१८ पासून ‘ॲनिमिया मुक्त भारत’ मोहिमेने त्यास नवी गती दिली. तथापि, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील देशातील ५७ टक्के व महाराष्ट्रातील ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. याची कारणे अनेक आहेत. परंतु गोळी हातात पडणे आणि तिच्यातील लोह रक्तात पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. गोळी कशी तयार झाली, यावरही तिचा गुण अवलंबून असतो.

मिश्रण आणि दाणे

गरोदर स्त्रीस चौथ्या महिन्यापासून रोज द्यावयाच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह व अर्धा मिलिग्रॅम फॉलिक आम्ल असते. म्हणजे एकाच्या तुलनेत दुसरे १२० पट. इतका अल्प अंश एकदम मोठ्या ढिगात टाकला, तर काही गोळ्यांत तो जास्त व काहींत नाममात्र उतरतो. म्हणून तो प्रथम थोड्या भुकटीत मिसळून मिश्रण टप्प्याटप्प्याने वाढवितात.

भुकटी साच्यात सारखी पडावी म्हणून तिचे दाणे करतात. ओल्या पद्धतीत चिकट द्रावण घालून दाणे पाडतात व ते वाळवितात. मात्र फेरस सल्फेट हे ओलावा व हवा यांच्या संयोगाने तपकिरी पडते. त्यातील लोहाचे रूप पालटते व ते शरीरात कमी शोषले जाते. वाळवणीत हयगय झाली, तर दोष गोळीच्या पोटातच राहतो. कोरड्या पद्धतीत भुकटी दाबून तिच्या वड्या करतात व त्या फोडून दाणे मिळवितात. पाण्याने बिघडणाऱ्या द्रव्यांस ही पद्धत अधिक मानवते.

दाब आणि आवरण

यंत्राचा दाब कमी पडला, तर गोळी वाटेतच भुगा होते. अति झाला, तर ती पोटात लवकर विरघळत नाही. साच्याला भुकटी चिकटू नये म्हणून घातलेले मॅग्नेशियम स्टिअरेट प्रमाणाबाहेर गेल्यासही हाच परिणाम होतो. उलट, स्टार्चसारखी द्रव्ये पाणी शोषून गोळी फुटण्यास साहाय्य करतात.

लोहाची चव व वास झाकण्यासाठी आणि हवेपासून संरक्षणासाठी गोळीवर आवरण चढवितात. लोहाचे शोषण मुख्यतः लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात होते. गोळी त्यापुढे जाऊन फुटली, तर बरेचसे लोह वाया जाते. याच कारणाने भारतीय औषधसंहितेत काळाची मर्यादा घातली आहे : विनाआवरण गोळी १५ मिनिटांत, पातळ पापुद्र्याचे आवरण असलेली ३० मिनिटांत व साखरेचे आवरण असलेली ६० मिनिटांत फुटली पाहिजे. ही चाचणी सुमारे ३७ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवात घेतात. घटकांचे प्रमाणही तपासले जाते.

कारखान्यातील स्वच्छता, नोंदी व तपासणी यांचे नियम औषध नियमावलीच्या ‘अनुसूची एम’मध्ये आहेत, डिसेंबर २०२३ मध्ये ती सुधारण्यात आली. अंतिम चाचणीत मोजक्या गोळ्याच तपासता येतात. म्हणून प्रत्येक टप्प्यावरील दक्षता हीच गुणवत्तेची खरी हमी होय.

गावपातळीवरील जबाबदारी

चांगली गोळीही दमट खोलीत वा उन्हात ठेवल्यास बिघडते. शाळा, अंगणवाडी व उपकेंद्र येथे साठा कोरड्या, सावलीच्या जागी, मूळ वेष्टनात ठेवावा. ज्याची मुदत आधी संपते, तो साठा आधी वाटावा. आवरण तडकलेल्या, डाग पडलेल्या वा एकमेकींस चिकटलेल्या गोळ्या आढळल्यास वाटप थांबवावे आणि बॅच क्रमांकासह प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. मात्र गोळी घेतल्यानंतर शौचाचा रंग काळसर होणे हा गोळीचा दोष नव्हे, हे लाभार्थींस समजावून सांगावे. गोळी चहाबरोबर घेऊ नये, हेही सांगावे. चहामुळे लोहाचे शोषण घटते. रंगीत गोळी लहान मुलांस खाऊसारखी वाटते व अतिमात्रा त्यांच्या जिवावर बेतू शकते; म्हणून ती त्यांच्या हाती लागू देऊ नये.

किती गोळ्या वाटल्या, हा आकडा अहवालात येतो. त्या गोळ्या कोणत्या स्थितीत पोचल्या, हे पाहणारा डोळा मात्र गावातच असावा लागतो.