आमंत्रण द्या, आग्रह नको

प्रश्न : आम्ही कॅथलिक, परळच्या चाळीत राहतो. गणपतीत शेजारी आम्हाला हक्काने आरतीला बोलावतात. मलाही त्यांना नाताळच्या मिस्सेला न्यावंसं वाटतं. पण ‘धर्म बदलायला बोलावते’ असा समज झाला तर?
— एक वाचक, परळ

उत्तर : ताई, जरूर बोलवा. फक्त काय घडणार ते आधी मोकळेपणाने सांगा: दादरच्या पोर्तुगीज चर्चमध्ये मिस्सा आहे, गाणी आणि प्रवचन असेल, नंतर घरी फराळ. ख्रिस्तप्रसाद दिला जातो तेव्हा पाहुण्यांनी जागेवर बसून राहिलं तरी चालतं, हेही सांगा. म्हणजे त्यांना अवघडल्यासारखं होणार नाही. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेना प्रार्थनेला सर्व धर्मांची माणसं येतातच.

श्रद्धा ज्याने त्याने आपल्या मनाने स्वीकारायची असते, याचं एक उदाहरण पाहा. मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. काही वर्षांनी त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या लक्ष्मीबाईंच्या आत्मचरित्रात त्यांचा हा प्रवास वाचायला मिळतो. पुढे 1917 साली टिळकांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला, तो बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही खुला होता.

श्रद्धेने तुम्हाला कोणत्या संकटात बळ दिलं, ते कुणी विचारलं तर मनापासून सांगा. त्यांच्या देवांशी तुलना मात्र करू नका. आजारपणात, अडचणीत मदत करताना प्रार्थनेची अट घालू नका. मुलांना न्यायचं असेल तर आईवडिलांना विचारा. कुणी नकार दिला, तरी पुढच्या गणपतीत आरतीला तितक्याच आपुलकीने जा.