कोमेजलेली भाजी फेकू नका, तिचं सूप करा



आठवडी बाजारात दिवस मावळायला आला की भाजीचा भाव उतरतो. मजुरीचे पैसे हातात पडल्यावर आपल्यातल्या बऱ्याच जणींचा बाजार याच वेळी होतो. स्वस्त मिळालं म्हणून दोन जुड्या जास्त घेतल्या जातात. पण घरात फ्रिज नाही आणि माढ्याचं ऊन कडक. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मेथी मान टाकते, गाजरं मऊ पडतात आणि सगळं उकिरड्यावर जातं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांपैकी ५४ जणींना रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षांच्या दर १०० मुलांपैकी ६९ मुलांना. रक्त कमी असलेल्या घरातून पालेभाजी बाहेर फेकली जाऊ नये, एवढंच आम्हाला सांगायचं आहे.

सूप म्हटलं की काहींना धान्य पाखडायचं सूप आठवतं, तर काहींना हॉटेलातला महाग पदार्थ. खरं तर ते आपल्या गरगट्याचंच पातळ रूप आहे.

काय घ्यायचं, काय टाकायचं

कोमेजणं वेगळं, सडणं वेगळं. कोमेजलेल्या भाजीतलं पाणी कमी झालेलं असतं, ती खाता येते. चिकट झालेला पाला, बुरशी धरलेला टोमॅटो, आंबूस वासाची भाजी मात्र सरळ टाका. हिरवा पडलेला बटाटा घेऊ नका. दुधी, दोडका, काकडी आधी चाखून बघा. कडू लागली तर लगेच थुंका आणि ती भाजी टाकून द्या. कडू दुधीने माणसं दगावली आहेत आणि उकळल्याने ते विष जात नाही. बुरशीच्या शेंगदाण्याचंही तसंच.

मुळ्याचा पाला, फ्लॉवरची कोवळी पानं, कोबीचा दांडा, कोथिंबिरीच्या काड्या हे सगळं सुपात चालतं. आम्ही तर भाजी निवडतानाच हे बाजूला काढून ठेवा म्हणतो.

कसं करायचं

चार-पाच माणसांसाठी अर्धा किलो मिळेल ती भाजी आणि मूठभर मूगडाळ घ्या. डाळ अर्धा तास भिजवा. भाजी दोन-तीन पाण्यांनी धुवा आणि मगच चिरा. चिरून धुतली तर सत्त्व पाण्याबरोबर जातं. चमचाभर तेलात जिरं, लसूण, कांदा परता. डाळ आणि पाच-सहा पेले पाणी घालून झाकण ठेवा. डाळ अर्धी शिजली की गाजर, दुधी, कोबी घाला. पालेभाजी शेवटची पाच मिनिटं. मग रवीने घोटा. चमचाभर ज्वारीचं पीठ गार पाण्यात कालवून सोडा आणि एक उकळी आणा. मीठ बेताचंच घाला. दिवसभरात माणशी एका लहान चमच्याहून जास्त मीठ पोटात जाऊ नये.

लिंबू पातेलं उतरवल्यावर पिळा. पालेभाजीतलं लोह अंगी लागायला लिंबाची मदत होते. जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह वाया जातं. तासभर तरी थांबा.

गाळू नका

पुष्कळ ठिकाणी सूप गाळून नुसतं पाणी पाजतात. त्याने पोट भरतं, पण अंग भरत नाही. चोथ्यासकट खा, सोबत भाकरी कुस्करा. सहा महिन्यांपुढच्या बाळाला त्यातला घट्ट भाग बिनमिठाचा, मऊ घोटून द्या. पातळ पाण्याने त्याचं इवलंसं पोट भरवू नका.

फ्रिज नसेल तर एका वेळी संपेल एवढंच करा. शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये. त्याआधी पुन्हा वाढायचं असेल तर खळखळून उकळा. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच सूप घ्यावं.

सूप हे औषध नव्हे. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि गरोदरपणी ११ च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या लागतात. त्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. गोळ्या चालू ठेवून सूप घ्या.

आणि एक. आपल्या घरांत बाई शेवटी जेवते आणि पातेल्यात उरेल ते खाते. सूप झालं की पहिल्यांदा वाट्या मांडा, घरात जेवढी माणसं तेवढ्या. त्यात तुमची वाटी धरा आणि इतरांबरोबरच भरा. सुनेची आणि लेकीचीही. सगळ्यांच्या वाट्या भरल्यावर उरलं तरच दुसऱ्यांदा वाढा.