चूक चालणाऱ्याची की चालवणाऱ्याची?

प्रश्न : आपल्याकडे लोक वाटेल तिथून रस्ता ओलांडतात, दुभाजकावरून उड्या मारतात, कानाला फोन लावून रमतगमत चालतात. अपघात झाला की मात्र खापर गाडीवाल्याच्या डोक्यावर. हे कितपत बरोबर? (एक वाचक, सातारा)

उत्तर : तक्रार निम्मी खरी आहे. जमाव जमला की मोठ्या गाडीवाल्याचीच चूक, हा आपला अलिखित कायदा. पुष्कळदा तो अन्यायच करतो. पण सरकारी आकडे पाहा. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतले ७० टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर मांडलेले आहेत. हा आकडा थोडा जपूनच घ्यावा. ‘भरधाव वेगाने, हयगयीने’ हे शब्द पोलिसांच्या कागदात जवळजवळ छापीलच असतात. फुटपाथ नव्हता, दिवे बंद होते, हे लिहायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. तरी मुख्य कारण वेगच, आणि चालणाऱ्याची चूकही पुष्कळदा त्या वेगापायीच होते.

सात मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायला धडधाकट माणसाला सहा सेकंद लागतात. तो काठावर उभा राहून पाहतो ते गाडी किती लांब आहे एवढेच. ती किती वेगात येतेय, याचा अंदाज समोरून नीट लागत नाही. गाडी ७० मीटरवर आहे. ताशी ४० किलोमीटरने येत असेल तर तिला सहा सेकंदांहून थोडे अधिक लागतील, म्हणजे माणूस जेमतेम पार. ताशी ८० ने येत असेल तर तीनच सेकंद, आणि माणूस ऐन मध्यावर. मग तो बिचकतो आणि मागे फिरतो. चालकाने नेमके त्याच्या मागून गाडी काढायची ठरवलेली असते! शिवाय ८० च्या वेगात पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी २२ मीटर पुढे सरकलेली असते. त्या सेकंदात आपले बहुतेक चालक हॉर्न वाजवतात.

राँग साइडने येणाऱ्या दुचाकीवाल्याची मी बाजू घेणार नाही. पण महामार्गालगतच्या गावात अधिकृत वळण दोन-तीन किलोमीटरवर ठेवले की शेताकडे निघालेला माणूस रोज तेवढा वळसा घालील, ही अपेक्षा कागदावरच राहते. गावकरी दुभाजक फोडतात तेही त्यामुळेच. पादचारी पुलाचे तेच. गुडघे धरलेल्या आजींना पन्नास पायऱ्या चढवायच्या की खालून जाणाऱ्या गाड्या अर्धा मिनिट थांबवायच्या, याचा निर्णय आजींना विचारून झालेला नसतो.

रात्रीचा मामला वेगळाच. ट्रक बंद पडला की चालक पाठीमागे दगडांची रांग लावतो. दुरुस्ती होते, ट्रक निघून जातो, दगड तिथेच. ऊस हंगामात मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अशा दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढे असतो आणि तो दिसतो तो थेट आपल्या हेडलाइटच्या उजेडात.

राहिला कायद्याचा मुद्दा. जिथे सिग्नल नाही त्या झेब्रा क्रॉसिंगवर पहिला हक्क चालणाऱ्याचा. गाडीवाल्याने वेग कमी करायचा, गरज पडली तर थांबायचे. सिग्नल असेल तर मात्र तो चालणाऱ्यालाही लागू आहे, आणि तिथे तुमचा राग मला मान्य.