औषधांपासून यकृताचे रक्षण : वनस्पतींच्या अर्कांचा उपयोग किती?

रोग बरा करणारे औषधच काही वेळा यकृताला अपाय करते. पोटात घेतलेली बहुतेक औषधे आतड्यांतून प्रथम यकृतात जातात व तेथे त्यांचे रूपांतर होते. या क्रियेत कधीकधी विषारी द्रव्यही तयार होते. पॅरासिटामॉल हे याचे परिचित उदाहरण होय. मात्रा योग्य असेल तर पेशींतील ग्लुटाथायोन हे द्रव्य त्या विषाला निष्प्रभ करते. मात्रा फार वाढली की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि पेशी मरू लागतात.

क्षयरोगावरील आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन व पायराझिनामाइड ही औषधेही यकृताला बाधक ठरू शकतात. हा उपचार सर्वसाधारणपणे ६ महिने चालतो. कावीळ झाली म्हणून रुग्णाने तो परस्पर सोडला, तर रोग पुन्हा बळावतो.

प्रयोगशाळेतील पुरावा

भुईआवळी, कुटकी व काळमेघ या वनस्पती आपल्याकडे परंपरेने यकृतविकारांवर वापरल्या जातात. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने कुटकीपासून 'पिक्रोलिव्ह' तयार केले. युरोपातील एका काटेरी वनस्पतीच्या बियांतून 'सिलिमॅरिन' मिळते. असे अर्क दिलेल्या उंदरांच्या यकृताला अपाय कमी होतो, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे.

तथापि, अशा प्रयोगांत अर्क बहुधा विषाच्या आधी दिला जातो. रुग्ण मात्र अपाय झाल्यानंतर येतो. शिवाय काही अर्क औषधांचे रूपांतर करणाऱ्या विकरांचेच कार्य मंद करतात. त्यामुळे रुग्णाच्या रक्तातील इतर औषधांचे प्रमाण बदलू शकते. क्षयरुग्णांवरील सिलिमॅरिनच्या चाचण्यांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर सिद्ध झालेला उतारा ॲसिटिलसिस्टीन हाच असून तो पहिल्या ८ तासांत दिल्यास सर्वाधिक गुणकारी ठरतो.

वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक, असेही मानता येत नाही. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे नोंदविले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षास हरकत घेतली. परंतु रुग्ण कोणता काढा घेत आहे, हे डॉक्टरांना कळणे किती अगत्याचे आहे, ते यावरून दिसून येते.

गावपातळीवरील दक्षता

रिफॅम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते; ती कावीळ नव्हे. मात्र भूक मंदावणे, सतत मळमळ, उलट्या किंवा डोळे पिवळे दिसणे ही लक्षणे आढळल्यास रुग्णाला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यावे. कोणती औषधे थांबवावयाची आणि पुन्हा कोणत्या क्रमाने सुरू करावयाची, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. मद्यपान टाळणे हेही तितकेच आवश्यक आहे. शिक्षक व पंचायत सदस्यांनी ही माहिती घरोघरी पोहोचविल्यास रुग्णाचे यकृत सुरक्षित राहील आणि त्याचा उपचारही पूर्ण होईल.